एकतीस वर्षांची झीज, घरपोच

वस्तू जुनी व्हायची असेल तर ती वापरावी लागते, असा एक समज मानवजातीत फार काळ टिकून होता. टिकण्याचं कारण एवढंच की दुसरी सोय उपलब्ध नव्हती. आता ती झाली आहे. आर्कान्सातल्या डोंगराळ भागात, कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामाला लागून, ‘पेटिग्र्यू आणि कन्या’ नावाचा पिस्तुलांचा कारखाना आहे. तिथे ग्राहकाच्या हाताचं माप घेऊन नवंकोरं पिस्तूल घडवतात आणि मग, जादा आकार घेऊन, ते ग्राहकाच्या पसंतीइतकं झिजवून देतात. झिजवलेलं पिस्तूल न झिजवलेल्यापेक्षा चौदाशे डॉलरने महाग पडतं. हे योग्यच आहे. न झिजवायला काहीच मेहनत लागत नाही.

(तिथून तीन मैलांवरच्या तारणाच्या दुकानात खरोखर तीस वर्षं वापरलेलं पिस्तूल सहाशे डॉलरला मिळतं. पण ते काय, कोणीही घेऊ शकतो.)

रॉइस टिमन्स हा या कारखान्याचा निस्सीम चाहता. राहणार टल्सा शहराच्या कडेला, पेशा वॉरंटी निरीक्षकाचा. लोकांचे फ्रिज, कपडे धुण्याची आणि गवत कापण्याची यंत्रं बिघडली की कंपनीच्या वतीने जायचं, यंत्राभोवती एक फेरी मारायची आणि ‘नियमित वापरातून झालेली झीज, भरपाई देय नाही’ असा शेरा लिहायचा, हे त्याचं काम. झीज कुठून सुरू होते, कशी पसरते, कुठल्या कोपऱ्यात लपते हे त्याच्याइतकं कळणारी माणसं ओक्लाहोमात थोडीच असतील. दिवसभर लोकांची झीज नामंजूर करून तो संध्याकाळी घरी येई, आणि जेवण झालं की पेटिग्र्यूंच्या झिजलेल्या पिस्तुलांचे फोटो संगणकावर मोठे करकरून पाही. यात विसंगती शोधणाऱ्यांनी मिठाईच्या दुकानातला माणूस घरी काय खातो ते पाहावं.

या ओढीचं मूळ त्याच्या सासऱ्यांत होतं. व्हर्जिल स्टॅम्पर काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली एकतीस वर्षं डेप्युटी होते. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते गाडी बाजूला घ्यायला सांगावी अशा आवाजात. त्यांना दोन मुली, म्हणून दोन जावई. धाकटा कोडी वेल्डिंग करतो. त्याला ते ‘पोरा’ म्हणतात. थोरल्या डार्लाचा नवरा रॉइस. त्याला ते ‘टिमन्स’ म्हणतात. लग्नाला बारा वर्षं झाली तरी ‘टिमन्स’. ख्रिसमसच्या भेटीवरही ‘टिमन्स’ एवढंच लिहिलेलं असे, आणि डार्लाही आता टिमन्सच असल्यामुळे एकदा ती भेट तिनेच उघडून वापरायला काढली.

रॉइसला आयुष्यात फार काही नको होतं. घराचं कर्ज फिटत आलं होतं, गुडघे शाबूत होते. सासऱ्यांनी एकदा ‘पोरा’ म्हणावं, एवढंच राहिलं होतं.

ते होण्याची जागा ठरलेली होती. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला होल्यांच्या, म्हणजे रानकबुतरांच्या, शिकारीचा मोसम उघडतो. सकाळी होले मारून झाले (म्हणजे होल्यांच्या दिशेने काडतुसं उडवून झाली) की घरची पुरुषमंडळी व्हर्जिल यांच्या शेतावर पेकानच्या झाडाखाली जमतात. ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडतात, त्यावर एक जुना टॉवेल अंथरतात, आणि प्रत्येक जण आपलं कमरेचं पिस्तूल रिकामं करून त्यावर मांडतो. मग ती पिस्तुलं हातोहात फिरतात. हा मुलगी पाहण्याचाच कार्यक्रम असतो, फक्त इथे पोहे नसतात, मक्याच्या पिठात तळलेली भेंडी असते. बोलायचं फारसं नसतं. ‘हं’ ही सर्वोच्च प्रशंसा. व्हर्जिल यांचं पिस्तूल मधोमध असे. त्याचा काळा मुलामा कडांवरून उडून खालचं पोलाद चांदीसारखं दिसू लागलेलं, मुठीचा तळ चेपलेला. ते ज्याच्या हातात जाई तो लांबलचक ‘हं’ करी. रॉइसचं प्लॅस्टिकच्या मुठीचं कारखानी पिस्तूल मात्र जेवणाच्या टेबलावर मीठ पुढे सरकवावं तसं सरकत सरकत परत त्याच्याकडे येई.

निरीक्षकाच्या नजरेने रॉइसने याचा निष्कर्ष काढला. पिस्तुलाला मान नाही, झिजेला मान आहे. आपल्याकडे झीज नाही. सबब, ती मागवावी.

पेटिग्र्यूंकडे मागणी नोंदवणं म्हणजे दुकानात जाऊन वस्तू घेणं नव्हे. आधी यादीत नाव लागतं. यादी तीन वर्षांची. ‘माझं कधी होईल’ असा फोन ग्राहकाने केला की त्याचं नाव महिनाभर मागे जातं. (टेनेसीतले एक दंतवैद्य चौकशी करत करत स्वतःच्या मागे जाऊन उभे राहिले आहेत, असं सांगतात.) यादीतल्या लोकांना एक टोपी मिळते. टोपीवर काही लिहिलेलं नसतं. ज्यांना कळायचं त्यांना ती कळते, बाकीच्यांना ती टोपी वाटते.

मग प्रश्न सुरू होतात. चाप किती जोराने ओढला म्हणजे सुटावा. मुठीच्या पोलादावर पकडीसाठी ज्या बारीक रेघा कोरतात त्या इंचाला पंचवीस असाव्यात की तीस. या प्रश्नावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकल्याची उदाहरणं या छंदात आहेत. रॉइसने तीस सांगितल्या आणि दोन रात्री त्याला झोप लागली नाही. मुठीचं लाकूड अक्रोडाचं हवं, हे ठरलेलंच. अक्रोड कुठल्या उताराचा, एवढाच प्रश्न होता.

शेवटी फोन जुनेपणा विभागाकडे जोडला जातो. तो विभाग ओपलबाई सांभाळतात. त्यांच्याकडे तीन दर आहेत. पहिला ‘रविवारचा सज्जन’, यात कडा जराशा मावळतात. दुसरा ‘शेरीफचा माणूस’. तिसरा ‘दोन युद्धं आणि एक घटस्फोट’, याला आगाऊ पैसे भरावे लागतात.

‘बाळा, आधी हे सांग, पिस्तूल होतं कुठे इतकी वर्षं?’ ओपलबाईंनी विचारलं.

रॉइस म्हणाला की ते अजून बनलेलंच नाही.

‘ते मला ठाऊक आहे. मी विचारतेय, होतं कुठे.’

रॉइसने सांगितलं की ते एका डेप्युटीच्या कमरेला होतं. ओक्लाहोमात. एकतीस वर्षं.

‘गाडीतून फिरायचा का पायी?’

‘गाडीतून, मॅडम.’

‘म्हणजे सीटबेल्टची कडी लागत असणार. बायकोशी बरं होतं त्याचं?’

‘बरं होतं.’

‘मग मुठीवरचा घाम कमी धरते.’

ओपलबाईंना कल्पना यावी म्हणून रॉइसने काही फोटो पाठवले. ते अर्थातच व्हर्जिल यांच्या पिस्तुलाचे होते. मागच्या सप्टेंबरात भेंडीच्या ताटाचे फोटो काढतोय असं दाखवून त्याने ते चोरून घेतले होते. (काही फोटोंत भेंडीही उत्तम आली होती.) ओपलबाईंनी ते पाहून सांगितलं की हे सगळं हुबेहूब उतरवता येईल, फक्त मुठीच्या तळाचा चेपा कशाचा ते कळलं पाहिजे. रॉइसने यावर पुष्कळ वर्षं विचार केलेला होता. तो म्हणाला, गुन्हेगाराशी झटापट झाली असावी.

‘झटापटीचे वेगळे पैसे पडतात. पण मला विचारशील तर हे कुणीतरी खिळे ठोकल्यासारखं दिसतंय. खिळे स्वस्तात बसतील.’

रॉइसने झटापट घेतली.

तीन वर्षं त्याने एकही फोन केला नाही. या काळात त्याचा स्वभाव सुधारला, असं डार्लाचं मत आहे. पिस्तूल तयार झालं तेव्हा नियमाप्रमाणे ते गावातल्या परवानाधारक दुकानात आलं. दुकानदाराने खोकं उघडलं, पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, आणि विकायचं आहे की दुरुस्तीला टाकायचं आहे असं सहानुभूतीने विचारलं. रॉइसला इतका आनंद त्याआधी फक्त लग्नात झाला होता.

सोबत जाड कागदावरचं प्रमाणपत्र होतं. त्यात पहिलं वाक्य असं: या पिस्तुलाने एकतीस वर्षं इमानेइतबारे सेवा केली आहे. त्याच्या खालचं वाक्य असं: या पिस्तुलातून आजवर एकही गोळी झाडलेली नाही. दोन्ही वाक्यांखाली पेटिग्र्यू आणि कन्या या दोघांच्या सह्या होत्या. दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. अशा पिस्तुलातून एक गोळी झाडली की त्याची किंमत निम्मी होते, म्हणून जाणकार ते झाडत नाहीत. नेम धरायचा असेल तर ते दुसरं, स्वस्तातलं पिस्तूल घेऊन जातात. एकंदर खर्च सात हजार आठशे डॉलर झाला. डार्लाला रॉइसने दोन हजार सहाशे सांगितला. बायकोला तिसरा हिस्सा सांगावा, असा या छंदाचा अलिखित नियम आहे. बायकोने ऐकलेल्या आकड्याला तीनने गुणावं हाही आहे. दोघांनीही नियम पाळला आणि संसार सुखाने चालू राहिला.

पहिली तारीख उजाडली. होले नेहमीप्रमाणे वाचले. टॉवेल अंथरला गेला. रॉइसने पिस्तूल रिकामं केलं आणि सासऱ्यांच्या पिस्तुलाच्या अगदी शेजारी ठेवलं. उन्हात ती दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसत होती, एक एकतीस वर्षांचा आणि एक पाच दिवसांचा.

इथे या मंडळींचा एक शिष्टाचार सांगायला हवा. झीज विकत घेतली आहे, असं सांगायचं नसतं. घेतलेली नाही, असंही सांगायचं नसतं. कोणी विचारलं तर दूर शेताकडे पाहायचं असतं.

‘भावा, कुठल्या विहिरीतून काढलंस हे?’ कोडीने विचारलं.

रॉइसने शेताकडे पाहिलं.

व्हर्जिल यांनी पिस्तूल उचललं. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, मूठ पालथी करून तळाचा चेपा पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला. रॉइसच्या आठवणीत त्यांनी त्याची कुठलीही वस्तू इतका वेळ हातात धरली नव्हती. लग्नात त्याचा हातही नाही.

‘कधी घेतलंस?’

‘मागच्या आठवड्यात आलं, सर.’

‘नवं म्हणून?’

रॉइस शेताकडे पाहत राहिला. पण एकतीस वर्षं लोकांकडून कबुल्या काढलेल्या माणसासमोर शेत कुठवर पुरणार. ‘हो, सर,’ तो म्हणाला.

‘किती घेतले त्यांनी?’

रॉइसने घरचा आकडा सांगितला. व्हर्जिल यांचा जबडा एकदा डावीकडे गेला आणि परत आला. ‘हं’ आला नाही. त्यांनी पिस्तूल टॉवेलवर ठेवण्याऐवजी आपल्या पट्ट्यात खोवलं.

‘राहू दे माझ्याकडे थोडे दिवस.’

पंधरा वर्षांत सासऱ्यांनी त्याच्याकडून एक पानाही मागून नेला नव्हता. परतीच्या वाटेवर त्याने डार्लाला तीनदा सांगितलं की तुझ्या बाबांना ते सोडवेना. डार्ला गाडी चालवत होती. ती म्हणाली, ‘माझ्या पहिल्या मित्राची मोटरसायकलही बाबांनी अशीच थोडे दिवस ठेवून घेतली होती.’ पण रॉइस ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्या आठवड्यात त्याने कपडे धुण्याच्या दोन यंत्रांची भरपाई मंजूर केली. कचेरीत लोकांना वाटलं, घरी काही दुःखद घडलं असावं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पिस्तूल आलं नाही. जितकं ते येईना तितका रॉइस फुलत गेला. रात्री पडल्या पडल्या तो ‘पोरा’ हा शब्द सासऱ्यांच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून पाही.

थँक्सगिव्हिंगला सगळे स्टॅम्परांकडे जमले. टर्कीचा सांगाडा झाला आणि पेकानचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ कापायच्या आधी व्हर्जिल यांनी रॉइसला मानेने खूण केली. दोघं गॅरेजमध्ये गेले. तिथे कामाच्या टेबलावर तोच टॉवेल होता आणि टॉवेलवर एक पिस्तूल होतं. दिवा लावल्याबरोबर रॉइसला त्यात दिवा दिसला. मग स्वतःचं तोंड दिसलं. तोंड उघडं होतं.

‘आधी वाटलं, चोरीचं असेल,’ व्हर्जिल म्हणाले. ‘शेरीफच्या कचेरीत फोन करून नंबर तपासला. चोरीचं नाही. म्हणजे सरळ सरळ तुला फसवलंय. जुनं लोखंड नवं म्हणून गळ्यात मारलंय.’

ते आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण करत होते, आणि मधे बोलायची रॉइसची छाती नव्हती. घासायला अकरा आठवडे लागले, ते सांगू लागले. रोज संध्याकाळी थोडं थोडं, बोटांत आता पूर्वीसारखा जोर नाही म्हणून. मुठीचा चेपा कोडीने भरून दिला. क्रोमच्या मुलाम्याला मस्कोगी गावातल्या मोटरसायकलवाल्याकडे नेलं, तो आधी तयार नव्हता, मग झाला.

‘गंमत बघ,’ ते म्हणाले, ‘माझ्या पिस्तुलाची अगदी हीच दशा आहे. तो चेपासुद्धा. मी माझ्या पिस्तुलाच्या मुठीने कुंपणाचे खिळे ठोकायचो. हातोडी गाडीत ठेवायला काउंटीची परवानगी नव्हती. एकतीस वर्षं नवं पिस्तूल मागत होतो. दर वर्षी कुणीतरी एक माणूस यायचा, पिस्तुलाभोवती फिरायचा आणि लिहायचा, नियमित वापरातून झालेली झीज, नामंजूर. त्या टॉवेलवर ते मांडताना मला दर वेळी लाज वाटते. पोरं बघून “हं” करतात, ती कीव करतात हे कळतं मला. पण दुसरं आहे कुठे.’

त्यांनी बाहीने पिस्तुलावरचा एक न दिसणारा डाग पुसला.

‘तुझ्यावर ती पाळी नको. घे, पोरा.’

रॉइसने पिस्तूल हातात घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती त्या शब्दामुळे होतं आणि किती सात हजार आठशे डॉलरमुळे, याची विभागणी त्याच्यासारख्या अनुभवी निरीक्षकालाही जमली नाही. ‘थँक यू, सर,’ एवढंच तो म्हणाला. व्हर्जिल यांना वाटलं, पोरगा भारावलाय. त्यांचा अंदाज निम्मा बरोबर होता, आणि हे प्रमाण बहुतेक सासऱ्यांपेक्षा चांगलं आहे.

सोमवारी त्याने आर्कान्साला फोन लावला. पेटिग्र्यू झिजेची तहहयात हमी देतात. रॉइसने घडलेली हकिकत क्रमवार सांगितली. ओपलबाईंनी मधे न बोलता ऐकली.

‘बाळा, वापरून वापरून झीज वाढली असती तरी आम्ही सांभाळून घेतलं असतं. पण ही कुटुंबीयांच्या हातून झालेली दुरुस्ती आहे. भरपाई देय नाही.’

शेरा निर्दोष होता. रॉइसला त्यात एका शब्दाचाही बदल सुचला नाही.

ओपलबाईंनी उपाय सुचवला. निम्म्या दरात पुन्हा झिजवून देऊ, आठ महिने लागतील, झटापटीचे वेगळे. रॉइसने नको म्हणून सांगितलं, आणि प्रमाणपत्रात एक ओळ वाढवता येईल का, असं विचारलं.

‘कुठली?’

‘सासऱ्यांनी अकरा आठवडे गॅरेजमध्ये बसून घासलं.’

‘हे घडलंय?’

‘घडलंय, मॅडम.’

‘मग तीनशे चाळीस पडतील,’ ओपलबाई म्हणाल्या. ‘खऱ्याला जादा आकार आहे. आमच्याकडे तसं फारसं येत नाही.’

रॉइसने पैसे भरले. पुढच्या सप्टेंबरात टॉवेलवर दोन पिस्तुलं पुन्हा शेजारी शेजारी होती. चकचकीत पिस्तूल हातोहात फिरलं, त्यावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे उमटले, आणि ते व्हर्जिल यांच्या हातात आलं तेव्हा त्यांनी ‘हं’ केलं. मग खिशातून फडकं काढून ठसे पुसून टाकले. रॉइसला दर वर्षी वाटतं की सांगून टाकावं. दर वर्षी ‘काय रे पोरा’ असं ऐकू येतं, आणि तो शेताकडे पाहतो.

हे सगळं अमेरिकन माणसाचं खूळ आहे, असं ज्या वाचकांना वाटलं असेल त्यांचं बरोबर आहे. त्यांनी फक्त एकदा आपल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात, मनी प्लांटच्या कुंडीखाली शोभेला ठेवलेल्या दगडी जात्याकडे जावं आणि त्याच्या लाकडी खुंट्याला हात लावून पाहावा. खुंटा गुळगुळीत आहे. तेवढ्यासाठीच तर दुकानदाराने दोन हजार जास्त घेतले आणि आपण दिले. तो कोणाच्या हाताने गुळगुळीत झाला, हे त्याला विचारायचं राहून गेलं असेल. आता विचारू नये. खरं निघालं तर जादा आकार पडतो.